खांबाचं काम

सुतळी पोलिसांच्या हाती लागली ती एका शिंकेमुळे. नाहीतर तिला शोधून काढणारा माणूस त्या शहरात अजून जन्माला यायचा होता. शाळेच्या गच्चीवरच्या रिकाम्या टाकीत ती आरामात मांडी घालून बसली होती आणि खाली तिच्या शाळेच्या उपमुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा उपबाई म्हणायची, सायकलदुकानवाले काका आणि दोन पोलीस असे चौघं जण आकाशपाताळ एक करत होते. प्रकरण काय, तर गॉगल नावाचा एक मोठा मुलगा आणि त्याचे दोस्त काकांच्या दुकानाबाहेरच्या सायकलींच्या सीटा काढत होते आणि सुतळी कोपऱ्यावर उभी राहून कुणी येतंय का ते बघत होती. काका आले. गॉगल पळाला, दोस्त पळाले, सुतळी टाकीत शिरली. टाकीत धूळ होती. पुढचं काय सांगायचं.

ठाण्यातल्या मोठ्या साहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. खाली पोचायला त्यांना फार वेळ लागला नाही.

"हिला कोठडीत ठेवण्यात अर्थ नाही," ते म्हणाले. "गजांमधून निघून जाईल."

"म्हणूनच मी तिला सुतळी म्हणते," आत्या म्हणाली. "बारीक, आणि सोडवायला जावं तर गुंता वाढवणारी." आत्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. सुतळीचे बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, त्यामुळे तिला सांभाळायचं काम आत्याकडे होतं आणि ते काम, आत्याच्याच शब्दांत, चादरींपेक्षा कठीण होतं, कारण चादर एकदा घडी घातली की घडीतच राहते.

साहेबांनी मग समजावून सांगितलं. ठाण्यात एक उपक्रम चालायचा. वाकड्या वाटेला लागू पाहणाऱ्या मुलामुलींनी दर शनिवारी सकाळी यायचं. प्रत्येकाला एक पोलीस जोडून दिलेला. भाषण नाही, शिक्षा नाही. त्या पोलिसाचं जे काम असेल ते त्याच्यासोबत करायचं. अट एकच, आठवडाभर शाळा बुडवायची नाही. बुडवली की शनिवार बंद.

"दर शनिवारी?" आत्याने विचारलं.

"हो."

"रोज ठेवून नाही का घेता येणार?"

कुणाला वायरलेसची खोली मिळाली, कुणाला चौकातली वाहतूक. सुतळीच्या वाट्याला आल्या श्वानपथकातल्या हवालदारबाई. मुलं त्यांना ताई म्हणायची. अंगाने कपाटासारख्या भक्कम. माणसांशी मोजकं आणि कुत्र्यांशी भरपूर बोलणाऱ्या. त्यांच्या कुत्र्याचं नाव होतं मफलर, कारण अंगाने तो सगळा तांबूस आणि गळ्याभोवती मात्र पांढऱ्या केसांचं जाड कडं. मफलरचं काम हरवलेल्या माणसाचा माग काढण्याचं. म्हणजे व्हायला हवं होतं. मागच्या वर्षीच्या परीक्षेत त्याने अर्ध्या वाटेत माग सोडून परीक्षकांच्या जेवणाच्या डब्याचा माग काढला होता आणि तो मात्र अगदी बिनचूक काढला होता. आता पुन्हा नापास झाला तर दूरच्या कुठल्याशा सरकारी गोदामाच्या फाटकाशी त्याला बांधून ठेवणार होते. आयुष्यभर भुंकायचं, बस.

"तुला लपता येतं म्हणे," ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"थोडंफार," सुतळी म्हणाली. माशाने म्हणावं, पोहता येतं थोडंफार, तसं.

मग दर शनिवारी ठाण्यामागच्या मैदानात हा खेळ सुरू झाला. सुतळीचा वापरलेला मोजा एका बरणीत. ("या घरातल्या तुझ्या मोज्यांना पहिल्यांदाच कुणीतरी मागणी घातली," आत्या म्हणाली.) सुतळी पळत जाऊन लपायची. जुन्या टायरांच्या ढिगात, पत्र्याच्या शेडच्या आडोशाला, एकदा तर चक्क साहेबांच्या जीपच्या मागच्या सीटखाली. ताई मफलरच्या नाकाशी मोजा धरायच्या, म्हणायच्या "शोध", आणि मफलर लांब दोरी ताणत निघायचा. दर वेळी तिला शोधून काढायचा. एकदाही चुकला नाही.

आजवर ज्याने कुणी सुतळीला शोधलं होतं त्याने तिचा कान तरी धरला होता नाहीतर दंड. मफलर मात्र तिला शोधून काढायचा आणि आनंदाने वेडा व्हायचा. मागचे पाय नाचवायचा, तिची कोपरं चाटायचा, तिच्याभोवती गोल फिरून दोरीत तिला गुंडाळून टाकायचा. जणू काही ती सापडली यापेक्षा चांगली बातमी जगात असूच शकत नाही. सुतळीला आधी हसू यायचं, मग नुसतं हसू राहिलं नाही. शुक्रवारी रात्री ती आपण होऊन लवकर झोपायला लागली. आत्याने दोनदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

शाळा तर ती बुडवेचना. उपबाई हजेरी घेताना तिचं नाव आलं की सवयीने पुढे जायच्या आणि "हजर" ऐकून मागे यायच्या.

सगळं असं छान चाललेलं असताना एका शनिवारी सुतळीचा पाय मुरगळला. घोटा सुजलेला, त्यामुळे ती भिंतीवर बसली आणि तिच्याऐवजी जिराफ लपायला गेला. जिराफ म्हणजे वाहतूक पोलिसासोबत काम करणारा, तिच्याच वयाचा एक उंच मुलगा. त्याला कुठेही लपवलं तरी डोकं बाहेर राहायचं. तो टायरांच्या ढिगामागे वाकून बसला. ताईंनी मफलरला जिराफच्या रुमालाचा वास दिला. "शोध."

मफलर वळला, सरळ भिंतीपाशी आला आणि उडी मारून सुतळीच्या मांडीवर दोन्ही पंजे ठेवून शेपूट हलवायला लागला.

सगळे हसले. सुतळी सगळ्यात जास्त.

ताईंनी त्याला परत नेलं आणि एका शिपायाची टोपी हुंगवली. शिपाई शेडमागे उभा. "शोध." मफलर सुतळीकडे. मग त्यांनी स्वतःच्या हातमोज्याचा वास दिला, दोरी जिराफच्या हातात दिली आणि स्वतः जाऊन जीपमागे उभ्या राहिल्या. मफलर सुतळीकडे. आता कुणी हसलं नाही.

ताई एक बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. बादली कुरकुरली.

"तो माग काढतच नव्हता गं," त्या म्हणाल्या. "इतके दिवस आपल्याला वाटत होतं, वास घेतो आणि त्या वासाचा माणूस शोधतो. छे. त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की शोध म्हणजे सुतळी. वास कुणाचाही द्या, जायचं सुतळीकडे. लाड तिथेच होतात."

"मग?"

"मग काय. चूक माझी. तू इतकी छान लपायचीस की दुसऱ्या कुणाला लपवावं हे माझ्या मनातच आलं नाही. पोरगी वेळेवर येते, मजेत असते, शाळेत जाते, म्हटलं चालू दे. पहिलीतल्या पोराला सुद्धा कळेल अशी चूक."

सुतळीने घोट्याकडे पाहिलं. परीक्षा महिन्याभरावर आली होती. "मी यायचं बंद करू का?" तिने विचारलं. ते शब्द तिच्या तोंडातून इतक्या बारीक आवाजात आले की तिलाच वाटलं, हे दुसरंच कुणीतरी बोललं.

"अजिबात नाही. तू नसलीस तर तो काही शिकायचा नाही, नुसता तुझी वाट बघत बसेल. तू इथेच हवीस. पण उलट्या कामाला." ताईंनी मैदानाच्या कडेला असलेल्या दिव्याच्या खांबाकडे बोट दाखवलं. "असं राहायचं. तो आला तरी बघायचं नाही, हात लावायचा नाही, हसायचं नाही, बोलायचं नाही. त्याला कळलं पाहिजे की न सांगता सुतळीकडे गेलं तर तिथे काहीच नसतं. आणि खरा माणूस सापडला की लाड त्या माणसाने करायचे."

"मी खांब?"

"तू खांब."

आता ज्या मुलीला जेवताना सुद्धा दोन्ही पाय एकदम जमिनीवर ठेवता येत नाहीत, तिला खांब व्हायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला बसवणं. पण गोदामाचं फाटक सुतळीच्या डोळ्यासमोरून हलेना. तिने नुसता खांब व्हायचंच कबूल केलं नाही, तर लपायला माणसं आणायचंही अंगावर घेतलं. दर वेळी नवा वास हवा होता ना, मग.

"कुठून आणशील?" ताईंनी विचारलं.

"मला शोधण्यात ज्यांचा वेळ गेलाय ती सगळी माणसं माझ्या ओळखीची आहेत," सुतळी म्हणाली.

पहिली ती सायकलदुकानात गेली. काका चाकातला वाक काढत होते. तिला बघताच त्यांनी दुसऱ्या हाताने जवळची सीट घट्ट धरली.

"काका, सीट नको. तुम्ही हवेत."

"मी? कशाला?"

"लपायला."

काकांनी चाक थांबवलं. "कुणापासून?"

"कुत्र्यापासून. पण तो चावत नाही, फक्त आनंदी होतो."

काकांनी हातातली सीट हळूच सोडली. सीट चोरीला मदत करणारी पोरगी पोलिसांच्या कुत्र्यासाठी माणसं गोळा करते आहे, हे त्यांच्या हिशेबात कुठेच बसेना. पण कुतूहल वाईट असतं. शनिवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून काका मैदानात हजर झाले आणि टायरांच्या ढिगात असे बसले, जणू मालाची तपासणी चालू आहे. मफलर आधी सुतळीपाशी आला. सुतळी आकाशाकडे बघत राहिली. त्याने तिच्या बुटावर पंजा ठेवला. तिने वरच्या तारेवर बसलेली पाखरं मोजायला घेतली. त्याने बारीक आवाज काढला, असा की दगडाला पाझर फुटावा, आणि सुतळीने गालाची आतली बाजू दातांत धरली. शेवटी मफलर कंटाळला, उलट फिरला, आणि वंगणाच्या वासामागे रमतगमत टायरांकडे गेला. काकांनी त्याला मिठी मारली. म्हणजे लाड करायला सांगितलं होतं म्हणून, असं ते नंतर म्हणाले. चांगली घट्ट होती.

घरी जाऊन सुतळी उशीत तोंड खुपसून पडली. "काय झालं?" आत्याने विचारलं.

"आज त्याने काकांचं कोपर चाटलं."

"मग चांगलंच झालं की."

"चांगलंच झालं," सुतळी उशीतून म्हणाली.

आत्या तिच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "पुढचा नंबर माझा. कुठे लपायचंय?"

परीक्षा जवळ आल्यामुळे आता शाळा सुटल्यावर रोज सराव होता. आत्या धुलाईघरातून ढकलत आणलेल्या चाकाच्या मोठ्या टोपलीत बसली. साबणाचा वास इतका की मफलरला सात शिंका आल्या, पण शोधलं त्याने. उपबाईंना विचारायला सुतळी दाराशी तीनदा जाऊन परत आली होती. चौथ्यांदा त्यांनीच आत बोलावलं. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी उपमुख्याध्यापिका आहे," त्या म्हणाल्या. आणि संध्याकाळी शेडमध्ये कसरतीच्या गाद्यांखाली आडव्या पडल्या. मफलरने गादी उकरून काढली तेव्हा त्यांचा अंबाडा सुटला होता आणि त्या गालातल्या गालात हसत होत्या. "माझा श्वास ऐकू आला असेल त्याला," त्या म्हणाल्या. "उद्या मी आणखी चांगली लपेन."

"बाई, उद्या दुसऱ्यांचा नंबर आहे."

"बघ जमतंय का," उपबाई म्हणाल्या. अगदी शाळेतली मुलं गृहपाठाची सवलत मागतात त्या आवाजात.

एवढी सगळी वर्दळ झाली की खबर पसरतेच. एका संध्याकाळी गॉगल मैदानाच्या भिंतीवर येऊन बसला. पाऊस असो नाहीतर अंधार, डोळ्यांवरचा गॉगल कायम.

"काय गं सुतळे, पोलिसांची कुत्री सांभाळायला लागलीस? उद्या ये. कोपऱ्यावर उभं राहायचंय."

पूर्वी गॉगलने नुसती मान हलवली तरी सुतळी पळत जायची. तिला नाही म्हणता येत नव्हतं असं नाही. तिला विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. आता तिने जरा विचार केला आणि तिलाच गंमत वाटली.

"उद्या मी इथे उभी असते," ती म्हणाली. "तू आलायसच तर लपतोस का? आज माणूस कमी आहे. का घाबरतोस?"

"मी? कुत्र्याला?"

आता एवढं विचारल्यावर माघार कशी घेणार. ताईंनी त्याच्याकडे हात पुढे केला, त्याने गळ्यातला रुमाल काढून दिला आणि शेडच्या छपरावर चढून पालथा पडला. इथे कुत्रा येत नाही, असा हिशेब. मफलरने रुमाल हुंगला. निघाला. वाटेत खांब लागला. म्हणजे सुतळी. मफलरने तिच्याकडे नुसतं एकदा पाहिलं, जसं शेजारच्या काकूंना वाटेत बघून मान हलवावी, आणि नाक जमिनीला लावून पुढे गेला. सरळ शेडपाशी. छपराकडे तोंड करून त्याने असा काही भुंकायचा धडाका लावला की पत्रे थरथरले. पत्र्यांबरोबर गॉगलही.

"ए सुतळे, बोलाव ना त्याला."

सुतळी पाखरं मोजत राहिली.

"अगं ऐकू येत नाही का? भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात तसं झालंय माझं. हाक मार त्याला."

"ती खांब आहे," जिराफने खालून माहिती पुरवली. "खांब बोलत नाहीत."

ताईंनी शिडी लावली, त्याला खाली उतरवलं आणि त्याच्याच हाताने मफलरच्या डोक्यावरून हात फिरवायला लावला. पहिल्यांदा बोटाच्या टोकाने. मग आख्ख्या तळव्याने. "शनिवारी नऊला ये," ताई म्हणाल्या. "वायरलेसच्या खोलीत एक जागा रिकामी आहे." कोपऱ्याचा विषय गॉगलने परत काढला नाही.

परीक्षेच्या दिवशी मुख्यालयातून परीक्षक आले. उंच, सडपातळ, बूट असे चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. त्यांनी जेवणाचा डबा गाडीतच कुलूप लावून ठेवला, मागचा अनुभव. ताईंनी त्यांना सॅल्यूट ठोकला आणि सगळं खरंखरं सांगून टाकलं. एकाच मुलीला लपवून कुत्र्याला कसं चुकीचं शिकवलं आणि मग काय काय केलं ते.

सुतळीला वाटलं, झालं. कशाला सांगितलं.

"कुठे आहे ती मुलगी?" परीक्षकांनी विचारलं. सुतळी पुढे आली. "छान. मग हिला मागाच्या वळणावरच उभी करा. वाटेत. कुत्रा खरंच शिकला असेल तर हिच्यावरून पुढे जाईल. हिच्यापाशी थांबून राहिला तर नापास. आणि मुली, तू नुसती पापणी जरी जास्त हलवलीस, तरी नापास."

ताईंनी दोरी हाताभोवती आणखी एकदा गुंडाळली. भिंतीपलीकडे आत्या, काका, उपबाई, जिराफ सगळे एकदम पुढे वाकले. लपणारा माणूस होता परीक्षकांचाच ड्रायव्हर. मफलरने त्याला जन्मात पाहिलेलं नव्हतं. ड्रायव्हर मैदान ओलांडून, सुतळीच्या शेजारून वळून, कुठेतरी लांब निघून गेला. सुतळीला मुद्दाम तोंड फिरवून उभं केलं होतं, म्हणजे त्याची जागा तिलाही कळू नये.

मग तिने ऐकलं, "शोध."

दोरी गवतावरून घासल्याचा आवाज. नाकाचा फुरफुर आवाज. जवळ आला. आणि थांबला.

मफलर तिच्या बुटांपाशी होता. सुतळीला तो दिसत नव्हता, पण त्याचा श्वास पोटरीवर लागत होता, गरम. तो बसला. सुतळीच्या नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. तारेवर पाखरंही नव्हती. जा ना, ती मनात म्हणाली, जा ना बाबा, इथे काही नाही, इथे नुसता खांब आहे. तिला एवढंच वाटत होतं की त्याने तिच्याकडे पाठ फिरवावी, आणि असं काही आपल्याला कधी वाटेल हे तिला कुणी आधी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. डोळ्यांत पाणी जमा व्हायला लागलं. पापणी हलवायची नव्हती, म्हणून तिने ते तसंच जमू दिलं.

पोटरीवरचा श्वास गेला.

फुरफुर, फुरफुर. मफलर दोन पावलं मागे गेला, गवत हुंगलं, वळण सापडलं, आणि दोरी एकदम ताणली गेली. ताईंचे जड बूट तिच्या शेजारून धावत गेले. मग लांबून, गॅरेजच्या बाजूने, भुंकण्याचा आवाज आणि त्यापाठोपाठ ड्रायव्हरची किंकाळी. तो ताडपत्रीखाली गाढ झोपला होता.

"पास," परीक्षक म्हणाले.

भिंतीपलीकडे एकच कल्लोळ झाला. उपबाईंनी शिट्टी वाजवली. कुणी मानणार नाही, पण तोंडाने, दोन बोटं घालून. सुतळी मात्र आहे तिथेच उभी.

"अगं, झालं," ताई धापा टाकत परत आल्या. "हल आता."

"परीक्षा संपली?"

"संपली. लाड कर त्याचे. आजचे माझ्याकडून."

सुतळी गवतात खाली बसली, आणि पुढचा बराच वेळ कुठला हात तिचा आणि कुठला पाय मफलरचा ते कुणाला सांगता आलं नसतं. "तो गणवेश कोण धुणार आहे," आत्या म्हणाली, पण डोळे पुसत.

थोडी शांतता झाल्यावर ताई तिच्या शेजारी येऊन बसल्या. "सोमवारपासून तो ड्यूटीवर. शनिवारी कुठे हाक येईल सांगता येत नाही. कधी असेल, कधी नसेल."

सुतळीने मान हलवली. तेवढं तिला समजत होतं. कुठेतरी कुणीतरी हरवलेलं असणार, आणि त्याला मफलरने शोधलं की त्या माणसाचीही कोपरं चाटली जाणार. बरं वाटेल त्याला.

"पुढच्या महिन्यात दोन पिल्लं येतायत," ताई पुढे म्हणाल्या. "अगदी कोरी. या वेळी मी सुरुवातीपासून रोज वेगळा माणूस लपवणार. माणसं आणायचं काम तुझं. जमेल?"

सुतळीने भराभर डोक्यात शहर फिरून घेतलं. पोस्टमन. दातांचे डॉक्टर. बाबा, ट्रक घेऊन आले की. मोठे साहेब, त्यांना कधी विचारलंच नव्हतं. मग तिची नजर समोर गेली. परीक्षक गाडीच्या दाराशी उभे राहून, अखेर, आपला डबा उघडत होते आणि मफलर त्यांच्या बुटांपाशी अत्यंत सभ्यपणे बसला होता. सुतळी उठली, गुडघ्यांवरचं गवत झटकलं आणि सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, तुम्ही शेवटचे कधी लपला होतात?"

परीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या चकचकीत बुटांकडे.

"चौथीत असताना," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही अशा बेताने, "किती वाजता यायचं?"